लग्नाआधीचा एचआयव्ही दाखला कोणाला वाचवणार?



विवाहनोंदणीपूर्वी वधू-वरांची एचआयव्ही तपासणी सक्तीची करावी, ही मागणी दर काही वर्षांनी नव्याने पुढे येते. गोवा सरकारने 2006 मध्ये तसा कायदा आणण्याचे जाहीर केले होते. 2025 मध्ये मेघालय सरकारने तोच विचार बोलून दाखवला. आपल्याकडेही सभा-समारंभांतून ती अधूनमधून ऐकू येते आणि टाळ्याही मिळवते. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. कोणाच्या लेकीचा नाहक बळी जाऊ नये, एवढेच त्यांना हवे असते. परंतु जिला वाचवायचे त्या मुलीच्या हाती हा कायदा केवळ एक खोटा दिलासा ठेवेल आणि तिचा खरा धोका होता तिथेच राहील, असे मला वाटते.

सक्तीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा पुण्याचाच आहे, तो आधी मान्य केला पाहिजे. 1993 ते 1996 या काळात पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या 916 महिलांचा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 391 जणी देहविक्रय न करणाऱ्या होत्या, बहुतेक विवाहित, आणि नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या. तरी त्यांच्यात एचआयव्हीचे प्रमाण 13.6 टक्के निघाले. दवाखान्यात आलेल्या महिलांचा हा आकडा सगळ्या समाजाला लावता येणार नाही हे खरे. पण घरंदाज बाईला काय होणार, ही समजूत त्याने कायमची मोडली. मात्र हाच अभ्यास सक्तीच्या विरोधातही बोलतो. नवऱ्याकडून आलेली लागण लग्नाच्या दिवशीच त्याच्या रक्तात होती, असे तो कुठेच सांगत नाही. ट्रकवर जाणारा, बांधकामावर किंवा ऊसतोडीसाठी महिनोन्‌महिने घराबाहेर राहणारा माणूस लग्नानंतर पाच वर्षांनीही बाधित होऊ शकतो. चाचणी फक्त त्या दिवसाचे सांगते, आणि तेही पुरते नाही. कारण लागण झाल्यावर चाचणीत दिसायला, चाचणीच्या प्रकारानुसार, सुमारे तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचा काळ जातो. पण सरकारी शिक्क्याचा ‘निगेटिव्ह’ दाखला एकदा घरात आला की पुढे बायकोने निरोधचा विषय काढायचा कोणत्या तोंडाने? ‘तपासणी झालीय ना’ हे उत्तर तिला आयुष्यभर पुरवले जाईल.

हा प्रयोग एकदा करून झाला आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने 1 जानेवारी 1988 पासून विवाह परवान्यासाठी ही चाचणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत 70,846 जणांचे रक्त तपासले गेले आणि बाधित निघाले आठ. खर्च सुमारे 25 लाख डॉलर. त्या काळात राज्यातले विवाह परवाने 22.5 टक्क्यांनी घटले. लोकांनी लग्ने करायचे सोडले नाही, ते शेजारच्या राज्यांत जाऊन परवाने घेऊ लागले. दुसऱ्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. इलिनॉय आणि महाराष्ट्र यांत फरक आहेच, पण गणित तेच राहते. भारतात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे. सरसकट एक लाख लोक तपासले तर साधारण दोनशे बाधित सापडतील. एखादी चाचणी निरोगी माणसाच्या बाबतीत 99.5 टक्के वेळा बरोबर ठरते असे धरले, तरी त्याच एक लाखात सुमारे पाचशे निरोगी माणसे पहिल्या फेरीत ‘पॉझिटिव्ह’ दिसतील. म्हणूनच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) नियमानुसार तीन वेगवेगळ्या चाचण्या झाल्याशिवाय निदान पक्के धरत नाहीत. आता डोळ्यांसमोर आणा, मुहूर्त आठ दिवसांवर आहे आणि तालुक्याच्या खासगी लॅबमधून पहिल्याच चाचणीचा कागद हातात आला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या चाचणीपर्यंत थांबण्याइतका धीर दोन्हीकडच्या किती घरांत असेल?

आपल्याकडे लग्न दोघांचे नसते, दोन घराण्यांचे असते, आणि मध्ये मध्यस्थ, मामा, भावकी अशी माणसे असतात. तिथे हा दाखला दोघांपुरता गुप्त राहील असे मानणे भाबडेपणाचे आहे. सुपारी फुटल्यावर मोडलेल्या लग्नाचे कारण गावाला विचारावे लागत नाही, ते आपोआप कळते. आणि मोडलेल्या लग्नाचा डाग मुलापेक्षा मुलीला जास्त काळ चिकटतो, तिचा स्वतःचा रिपोर्ट स्वच्छ असला तरीही. दुसरे म्हणजे, ज्या मुली सर्वांत असुरक्षित आहेत त्यांच्यापर्यंत हा कायदा पोहोचणारच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाली होती. लग्नाचे वय न पाळणारा बाप रक्ताचा दाखला मात्र रांगेत उभा राहून आणील, हे कोणी मनापासून मानत असेल असे वाटत नाही. अशी लग्ने नोंदणीच्या वाटेलाच जात नाहीत. आणि दाखल्याविना नोंदणी नाही असे ठरवले, तर आजवर कशीबशी वाढत आलेली विवाहनोंदणीच घटेल. पोटगीच्या दाव्यात किंवा वारसाहक्काच्या भांडणात तो नोंदणीचा कागद कोणाच्या कामी येतो, हे सांगायला नको.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मग मुलीला जाणून घेण्याचा हक्क नाही का? आहे, आणि कायद्याने तो वाऱ्यावर सोडलेला नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करण्यास तो मनाई करतो. पण दुसऱ्याला लागण होऊ नये यासाठी काळजी घेण्याची जबाबदारीही तो बाधित व्यक्तीवर टाकतो. जोडीदाराला खरा धोका आहे आणि समजावूनही समोरचा सांगत नाही असे दिसले, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाला जोडीदाराला कळवण्याची मुभा देतो. लग्न ठरलेल्या दोघांनी मिळून सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात (आयसीटीसी) जावे, यात गैर काहीच नाही. उलट ते उत्तमच. माझा विरोध फक्त सक्तीला आहे. भीतीने माणूस तपासणीपासून पळतो, हे गोव्याने फार आधी दाखवले. 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझा यांना, नियमित रक्तदान करणाऱ्या बाधित तरुणाला, तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पकडून 64 दिवस एकांतात डांबले होते. त्यानंतर कोण आपण होऊन रक्त तपासायला गेले असेल?

तेव्हा प्रभावी औषध नव्हते. आज आहे, आणि या वादात ते विसरले जाते याचे नवल वाटते. सरकारी केंद्रांतून एचआयव्हीविरोधी औषधोपचार (एआरटी) 2004 पासून मोफत मिळतो. एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही, अशा 1,763 जोडप्यांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे (पुणे त्याच्या केंद्रांपैकी एक होते) 2011 मधले निष्कर्ष असे की लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. नियमित गोळ्या घेऊन व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. म्हणजे गोळ्यांनी व्हायरल लोड दबलेला, मोकळेपणाने सांगणारा बाधित मुलगा जोडीदारासाठी धोका नाही. स्वतःच्या लागणीचा पत्ता नसलेला किंवा पत्ता असून लपून राहणारा धोक्याचा आहे, आणि सक्तीने लपणाऱ्यांचीच संख्या वाढते.

सरकारला खरोखर काही करायचे असेल तर गरोदर बाईच्या तपासणीपासून सुरुवात करावी. आज कुटुंबात पहिल्यांदा रक्त तपासले जाते ते बहुधा तिचेच, आणि ‘हिनेच रोग आणला’ असे म्हणायला सासर मोकळे होते. त्याच भेटीत नवऱ्यालाही समुपदेशनाला बोलावून त्याच्या संमतीने तपासणी करण्याची पद्धत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पडली, तर इलिनॉयच्या परवान्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसे वेळेत उपचारांपर्यंत पोहोचतील. आयसीटीसी संध्याकाळी आणि रविवारी उघडी ठेवावीत, म्हणजे रोजंदारी बुडवावी लागणार नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात फडांवर फिरती पथके पाठवावीत. आणि विवाहनोंदणीच्या अर्जासोबत दाखला मागण्याऐवजी जवळच्या आयसीटीसीचा पत्ता व 1097 हा मोफत मदत क्रमांक छापलेला कागद दोघांच्या हाती द्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरे.

एक वाचक, मिरज