फॉरवर्ड करण्याआधी गाळून घ्या



पाणी गाळायचं कापड आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात असतं. माझ्या सासूबाई ते दुहेरी करून हंड्याच्या तोंडाला बांधायच्या. गाळून झालं की कापड उलटं करून त्यावर थोडं पाणी ओतायच्या आणि ते पाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडायच्या. जिथला जीव तिथे. आज घरात फिल्टर आला तरी मी नळाला कापड बांधतेच. मोबाइलवर येणारे मेसेज मात्र मी कित्येक वर्षं न गाळताच पुढे पाठवत होते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एका तरुण सुनेचा फोटो आला. ‘घरातून निघून गेली आहे, कुणाला दिसल्यास कळवा’ आणि खाली एक मोबाइल नंबर. मला वाईट वाटलं. मी लगेच अकरा ग्रुपवर तो पाठवला. दोन दिवसांनी ‘सापडली, सर्वांचे आभार’ असा निरोप आला आणि पुण्याचं काम झालं असं वाटून मी निवांत झोपले.

सहा महिन्यांनी एका लग्नात त्या मुलीच्या आईची गाठ पडली. ती हळूच म्हणाली, “सापडली खरी, पण ती हरवलीच नव्हती हो. रोजचा मार सोसवेना म्हणून मैत्रिणीकडे जाऊन राहिली होती. मला कळवलं होतं तिनं. फोटो फिरला, बसस्टँडवर कुणीतरी ओळखलं, आणि दुसऱ्या दिवशी सासरची माणसं दारात.” तो नंबर सासरचा होता. मुलगी आता माहेरी सुखरूप आहे. पण मधले चार महिने तिनं पुन्हा त्याच घरात काढले, आणि त्याला माझाही हातभार लागला.

त्यानंतर मी असे फोटो बघणंच बंद केलं. हेही बरोबर नाही, हे मला माझ्या पुतणीनं शिकवलं.

ती पुण्यात कॉम्प्युटर सुरक्षेचं काम करते. एकदा आमच्याकडे आली असताना रात्रभर लॅपटॉपसमोर बसून होती. सकाळी चहा देताना विचारलं, तर म्हणाली, “काकू, हरवलेली माणसं शोधत होते.” कॅनडात ट्रेस लॅब्स नावाची एक ना-नफा संस्था आहे. ती ऑनलाइन शोधस्पर्धा भरवते. चार-चार जणांचे गट असतात आणि काही तासांत हरवलेल्या खऱ्याखुऱ्या माणसांबद्दल उघडपणे उपलब्ध असलेली माहिती शोधायची असते. जुनी पोस्ट, फोटोमागची दुकानाची पाटी, एखादं दुसरं खातं. याला ओपन सोर्स इंटेलिजन्स म्हणतात, थोडक्यात ओसिंट. शिकणाऱ्यांचा सराव होतो, आणि जमलेली माहिती शेवटी पोलिसांकडे जाते. ऑस्ट्रेलियात २०१९ साली तिथल्या पोलिसांनीच या संस्थेला सोबत घेऊन अशी देशभर मोहीम केली होती. त्यात १२ हरवलेल्या माणसांच्या केसेस होत्या.

प्रत्येक माहितीला गुण मिळतात, हे ऐकून मला कसंसंच झालं. कुणाचं लेकरू हरवलंय आणि तुम्ही गुण मोजता? पुतणी शांतपणे म्हणाली, “काकू, नर्ससुद्धा इंजेक्शन द्यायला खऱ्या पेशंटवरच शिकते. पण शेजारी कुणीतरी जाणतं उभं असतं.” इथेही प्रत्येक माहिती आधी परीक्षक तपासतो. खात्री नसेल तर गुण नाहीत. आणि पोलिसांनी स्वतः जाहीरपणे मदत मागितली आहे अशाच केसेस घेतल्या जातात. घरच्यांनी नुसता फोटो पाठवला म्हणून घेत नाहीत, कारण शोधणारा कोण आहे आणि निघून गेलेली का गेली, हे फोटोवरून कळत नाही. हे ऐकलं आणि मला ती लग्नातली आई आठवली.

त्यांचा सगळ्यात कडक नियम म्हणजे स्पर्श करायचा नाही. बघायचं, पण मेसेज करायचा नाही, फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायची नाही, नातेवाइकांना फोन करायचा नाही, कुणाचा पासवर्ड उघडून बघायचा नाही. नियम मोडला तर बाहेर. मला ऐकताना वाटलं, ही तर वचनगुप्ती आणि कायगुप्तीच झाली. डोळे उघडे, तोंड बंद, हात आवरलेला.

हा आवर सुटला की काय होतं, त्याची उदाहरणं जगानं पाहिली आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बाँबस्फोट झाले. इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी फोटो जुळवून एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. तो मुलगा महिनाभरापासून बेपत्ता होता आणि घरचे त्याला जिवाच्या आकांतानं शोधत होते. त्यांच्यावर शिव्याशापांचा पाऊस पडला. पुढे त्या मुलाचा मृतदेह सापडला. स्फोटांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

आणि आपल्याकडे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेल्याचा. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवला होता. ही संस्था हरवलेल्या मुलांसाठीच काम करते. शेवटी मूल परत आणून दिल्याचं दाखवलं होतं, पण कुणीतरी तेवढा शेवट कापून टाकला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. माझे अकरा ग्रुप तेव्हा मला का खुपले नाहीत, देव जाणे.

मग आपण काय करायचं? माझं स्पष्ट मत आहे की आपल्यासारख्या बायकांनी ही विद्या शिकावी. आपल्याला बघायची सवय असते. डाळीतला खडा आपल्याला दिसतो, कुणाच्या अंगावर कुठल्या गावची साडी आहे ते दिसतं. पुतणीनं सरावासाठी मला तिच्याच सहलीचा एक फोटो दिला आणि म्हणाली, सांगा कुठला. मागे कानडी पाटी होती, उसाची गाडी होती, आणि एका जीपवर केए-२२. मी म्हटलं, बेळगाव जिल्हा. बरोबर निघालं! तुम्हीही आपल्याच घरातल्या जुन्या फोटोंवर असा सराव करा. दुसऱ्याच्या दुःखावर हात बसवण्याआधी आपल्या अल्बमवर बसवावा.

आणि हरवल्याचा मेसेज आला, तर आधी गाळून घ्या. तारीख आहे का? पोलिस ठाण्याचं नाव आहे का, मिसिंग दाखल झाली आहे का? नंबर कुणाचा आहे? गूगल लेन्सवर फोटो टाकून बघा, बरेचदा तो चार वर्षांपूर्वीचा निघतो. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर तक्रार येताच गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच सांगितलं आहे. त्यामुळे नुसता फोटो फिरवणाऱ्या आईबापांना आधी ठाण्यात जायला सांगा. काही दिसलं, आठवलं, सापडलं, तर लिंक, तारीख, वेळ लिहून ठेवा आणि पोलिसांना द्या. ११२ आहे, मुलांसाठी १०९८ आहे. ग्रुपवर टाकू नका. जिथली माहिती तिथे.

कुणी म्हणेल, पोलिस लक्ष देत नाहीत, फॉरवर्डमुळेच माणसं सापडतात. सापडतात, हे खरं आहे. विसरभोळे आजोबा अशा मेसेजमुळे घरी आलेले मी पाहिले आहेत. पण त्या मेसेजमध्ये तारीख होती आणि पोलिस ठाण्याचा नंबर होता. असा मेसेज मीही पाठवते, आणि माणूस सापडलं की पुसूनही टाकते, म्हणजे ते बिचारं जन्मभर हरवलेलं राहत नाही.

त्या मुलीच्या आईची मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “तुम्ही मुद्दाम नाही केलंत.” बरोबर आहे. पण न गाळलेलं पाणीही कुणी मुद्दाम पीत नाही. तहान लागलेली असते, घाई असते, आणि कापड बाजूला राहतं. एवढ्याचसाठी सासूबाई ते हंड्याच्या तोंडाला बांधूनच ठेवायच्या.

जय जिनेंद्र.