तासांची वही बंद करू नका

अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या बैठकांत एक तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. रविवारच्या मराठी शाळेत, गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात मदतीला येणारी आठवी ते बारावीतली मुलं काम संपलं की शाळेच्या सेवा-तासांचा फॉर्म पुढे करतात, "काका, तासांवर सही द्या ना." हे पाहून ज्येष्ठ मंडळी हळहळतात. आम्ही गावच्या गणपतीत रात्र रात्र जागलो, कुणाकडे तास मागितले नाहीत. या हाताचं त्या हाताला कळू नये, ती खरी सेवा. तासांसाठी केलेली सेवा कसली? आणि मग सूचना येते की मंडळाने तास देणंच बंद करावं; ज्यांना मनापासून यायचं आहे ती मुलं तशीही येतील.

या हळहळीमागचा जिव्हाळा खरा आहे. सूचना मात्र सपशेल चुकीची आहे, आणि ती अमलात आली तर नुकसान मुलांचंच होईल.

कुठल्याही मंडळाची स्मरणिका उघडून पाहा. देणगीदारांची नावं ठळक अक्षरांत छापलेली असतात, बऱ्याचदा रकमेसकट. देणगीची पावती मिळते, ती करात सवलतीसाठी चालते. नोंद झाली म्हणून दान बाटलं, असं कुणी म्हणत नाही. उलट पावती न देणाऱ्या खजिनदाराला सर्वसाधारण सभेत जाब विचारला जातो. पैसा मोठ्यांकडे असतो, मुलांकडे द्यायला वेळच असतो. पैशाचा हिशेब शेवटच्या डॉलरपर्यंत ठेवायचा आणि वेळेचा ठेवला की नाक मुरडायचं, हा न्याय नव्हे.

आपल्या परंपरेत मोजमाप बसत नाही, हेही खरं नाही. ही तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांनी कॉलेजात एनएसएस केलेलं असतं. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर अशी अट आहे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत २०१६ पासून गावांनी उन्हातान्हात श्रमदान केलं, आणि त्या कामाचं मोजमाप होऊन गुण दिले गेले. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिल्या वर्षी पहिलं आलं. मोजल्यामुळे तिथल्या लोकांच्या घामाची किंमत उतरली, असं म्हणायला कोणाची जीभ रेटेल?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सक्तीची सेवा ही सेवाच नाही. मेरिलँड राज्याने १९९२ मध्ये शालान्त पदवीसाठी सेवाशिक्षणाची अट घातली. ७५ तास, किंवा जिल्ह्याने आखलेला पर्यायी कार्यक्रम. कॅनडातल्या ऑन्टारिओत ४० तास आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेममध्ये ६० तासांच्या अटीविरुद्ध काही पालक आणि विद्यार्थी कोर्टात गेले. गुलामगिरीला बंदी करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा त्यांनी आधार घेतला. १९९३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो दावा फेटाळला. पण कायदेशीर ठरलं म्हणून उचित ठरतंच असं नाही. आर्थर स्टुकास, मार्क स्नायडर आणि गिल क्लॅरी यांचा १९९९ मधला अभ्यास आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. ज्या विद्यार्थ्यांना मुळात सेवेची ओढ नव्हती, त्यांच्यावर ती लादल्यावर पुढे सेवा करण्याची त्यांची इच्छा आणखी कमी झाली. निवड करू दिली तेव्हा तसं झालं नाही. हे मी मान्य करतो. पण इथे दोष निवड न देण्याचा आहे, तास लिहून ठेवण्याचा नाही. राज्याची अट मंडळ उठवू शकत नाही. मुलाला कोणतं काम आवडतं हे विचारणं मात्र पूर्णपणे मंडळाच्या हातात आहे, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी होत नाही.

आता माझं म्हणणं. नोंद हवी ती मुख्यतः न दिसणाऱ्या कामासाठी.

कुठल्याही कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. साउंड सांभाळणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, निवेदन करणारी दिसते. शेवटी स्टेजवर बोलावून ज्यांना गुलाब दिला जातो, त्यांत बहुधा हीच मुलं असतात आणि कार्यकारिणीतल्यांची मुलं असतात. मागच्या खोलीत तीन तास बारा चिल्लीपिल्ली सांभाळणारी दहावीतली मुलगी कुणाला आठवत नाही. मराठी शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात सहा वर्षांच्या पोराजवळ बसलेली एखादी ताई असते. त्याला 'ळ' जमत नाही. पेन्सिल उलटीकडून वळते, एक पोट एकीकडे आणि दुसरं भलतीकडे, तो चिडून कागद फाडतो. ती नवा कागद घेते, त्याचा हात धरते, पुन्हा गिरवते. पाऊण तासात तीन 'ळ' होतात, त्यातला एकच धड असतो. शिक्षिकेला वीस मुलं आवरायची असतात, तिचं तिकडे लक्ष जात नाही. या पाऊण तासाची साक्ष फक्त वहीत राहू शकते. वही नसेल तर काम कुणी केलं हे आठवणीवर आणि ओळखीवर ठरतं, आणि त्यात सर्वांत आधी मुलींचं काम पुसलं जातं. वाढणं, आवरणं, लहानांना सांभाळणं हे त्यांनी करायचंच असतं, असं आपण घरून शिकून आलेलो असतो.

कॉलेजच्या अर्जात या तासांचा उपयोग होतो, हेही उघडपणे बोलू या. कॉमन ॲपमध्ये दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकापुढे आठवड्याचे तास विचारतात. मुलांनी ते प्रामाणिकपणे भरावेत. यात लाजण्यासारखं काही नाही.

लाज वाटायला हवी ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती मोठ्यांची आहे. दोन तास फोन बघत बसलेल्या मुलाला पाच तासांची सही मिळते. मुदत जवळ आली की पालकांचा फोन येतो, "अहो, जरा वीसएक तास ॲडजस्ट करा ना." ओळखीपोटी आपण करतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या स्वयंसेवा पुरस्कारात ११ ते १५ वयाच्या मुलांसाठी सुवर्णपदकाची पायरी १०० तासांची होती. तिथे पोहोचवायला खोट्या सह्या केल्या तर ज्याने खरेच शंभर तास दिले त्याच्या तोंडावर आपण थप्पड मारतो. पोरं खोटेपणा फॉर्ममधून शिकत नाहीत, सही करणाऱ्याकडून शिकतात.

म्हणून वही बंद करण्याऐवजी ती कडक करा. मेरिलँडच्या योजनेतच तीन भाग आहेत: तयारी, काम आणि नंतरचं चिंतन. मंडळांनी ते मनावर घ्यावं. कामांची यादी आधी लावा, मुलांना त्यातून निवडू द्या. ज्याने काम डोळ्यांनी पाहिलं त्यानेच सही करावी, आईवडील किंवा नातलगांनी कदापि करू नये. मुलाने चार ओळी लिहाव्यात, मराठीत लिहिल्या तर उत्तमच. आणि वर्षाच्या शेवटी स्मरणिकेत देणगीदारांच्या शेजारच्या पानावर त्या मुलांची नावं तासांसकट छापा.

येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत तास बंद करण्याचा ठराव कुणी मांडला, तर कृपा करून हात वर करू नका. त्याऐवजी सहीचे नियम लेखी करायची उपसूचना मांडा, आणि पहिला नियम असा ठेवा की कार्यकारिणीतल्यांच्या मुलांच्या फॉर्मवर बाहेरच्या माणसाचीच सही चालेल.