गुडघ्याच्या दुखण्यावर आधी व्यायाम

मावळातल्या खाचरांत भातलावणीला साठी ओलांडलेल्या बायकाही वाकलेल्या दिसतात. चिखलातून पाय उपसताना गुडघ्यात कळ येते, तरी ‘वय झालं’ म्हणत ती सोसली जाते. फारच दुखलं तर वेदनाशामक गोळी, मग इंजेक्शन, शेवटी शस्त्रक्रियेची धास्ती. फिजिओथेरपीचं नाव निघालंच तर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा व्हायला हवा. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात गुडघ्याच्या १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेरॉइडचं इंजेक्शन, निम्म्यांना फिजिओथेरपी मिळाली. वर्षाअखेरीस फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं कमी होतं, हालचाल चांगली होती. ते रुग्ण भातशेती करणारे नव्हते, हे खरं. शिवाय व्यायामाचा गुण सरासरीने माफकच असतो आणि तो सोडला की ओसरतो. पण वर्षानुवर्षं गोळ्या घेऊन जठर आणि मूत्रपिंड पणाला लावण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे.

‘जन्मभर राबली, तिला आणखी कसला व्यायाम?’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. मात्र उकिडवं बसून, वाकून केलेल्या कामाचा भार गुडघ्यावर येतो. त्याला सावरणारा मांडीचा पुढचा स्नायू दुखण्यामुळे वापर टाळल्याने दुबळा होत जातो. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करायचा, पाऊल आपल्याकडे ओढायचं, दहा अंक मोजायचे, पाय सावकाश खाली आणायचा. पुढे हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचं. हे कधी, किती वाढवायचं, यातच फिजिओथेरपिस्टचं कसब आहे. नुसता शेक आणि मशीन म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. बेताने केलेल्या व्यायामाने झीज वाढत नाही. दुसऱ्या दिवशी सूज आली, तर मात्रा कमी करायची.

अंतराचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. पवनेच्या खोऱ्यातल्या बाईने रोज बुडवून लोणावळा-तळेगाव गाठावं, ही अपेक्षाच अन्यायाची. म्हणून फिजिओथेरपिस्टनेच ठरलेल्या वारी प्राथमिक आरोग्य केंद्रात यावं, दहा-बारा जणींना एकत्र शिकवावं. मधल्या दिवसांत आशाताईंनी विचारपूस करावी आणि त्याचा मोबदला त्यांना मिळावा. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत आणलं. त्या मावळ तालुक्यात शरीराच्या हालचालीला औषध मानणं परकं वाटू नये. पाय वाकडे झालेल्या, रात्री कळांनी जाग येणाऱ्या बाईला शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती जरूर मिळावी. पण त्यानंतरही तिला पुन्हा चालतं करायला हाच व्यायाम लागणार आहे.