मैदान कोणाच्या मालकीचे?

4 मे 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूज मैदानावरचा सामना 2-2 असा बरोबरीत सुटला आणि लंडन सिटी लायनेसेस हा जेमतेम सहा वर्षांचा क्लब इंग्लंडच्या महिला सुपर लीगमध्ये पोहोचला. 2025-26च्या हंगामात त्या लीगमध्ये बारा क्लब आहेत. आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल वगैरे अकरा जणींच्या पाठीशी त्याच नावाचा पुरुषांचा क्लब उभा आहे. बारावीच्या पाठीशी असा कोणी नाही. या एका गोष्टीचे मोल कळायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

पहिले महायुद्ध चालू असताना प्रेस्टन शहरातल्या डिक, केर कंपनीच्या कारखान्यात दारूगोळ्याच्या कामावर बायका होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या आवारात फुटबॉल खेळत. 1917च्या नाताळात त्यांनी जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सामना खेळला, तो बघायला दहा हजार माणसे आली. तीन वर्षांनी, 26 डिसेंबर 1920 रोजी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सेंट हेलेन्सशी सामना झाला. स्टेडियमात 53 हजार प्रेक्षक होते, हजारो लोक तिकिटाअभावी दारातून परतले आणि धर्मादायासाठी तीन हजारांहून अधिक पौंड जमले. बायकांचा फुटबॉल बघणार कोण, हा प्रश्न आजही अधूनमधून ऐकू येतो. त्याचे उत्तर त्या दिवशी तिकीटबारीवर मिळून चुकले होते.

पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही आणि त्याला उत्तेजन देऊ नये. जमलेल्या पैशांपैकी फार मोठा भाग खर्चात जातो आणि धर्मादायाकडे पुरेसा पोहोचत नाही, असाही ठपका ठेवला. ठरावाची खरी मेख पुढे होती. बायकांना खेळण्याची मनाई केलीच नाही. संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत, एवढेच सांगितले. तेवढे पुरले. मोठी मैदाने सगळी संलग्न क्लबांच्या हाती होती. मैदान गेले तसा प्रेक्षक गेला, प्रेक्षक गेला तसा गल्ला गेला. डिक, केरच्या खेळाडू 1922मध्ये अमेरिकेला जाऊन पुरुषांच्या संघांशी खेळून आल्या, संघ तर 1965पर्यंत तग धरून राहिला. पण गुडिसन पार्कसारखी गर्दी पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही. बंदी उठायला जवळपास पन्नास वर्षे लागली आणि असोसिएशनने माफी मागितली ती 2008 साली.

बंदीनंतरच्या काळात महिला संघ परत उभे राहिले, तेव्हा बहुतेकांनी पुरुषांच्या क्लबची सावली धरली. त्यात गैर काही नव्हते. सरावाचे मैदान, डॉक्टर, फिजिओ, बस, ओळखीचे नाव हे सारे आयते मिळत होते. आर्सेनलच्या महिला संघाने 1987पासून त्याच आधारावर दोनदा युरोपचे विजेतेपद आणले, हे नाकारता येणार नाही. पण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान ओंजळवाल्याच्या मर्जीवर असते. 2015मध्ये महिलांच्या एफए कपचा अंतिम सामना प्रथमच वेम्ब्लीवर झाला, त्यात चेल्सीसमोर नॉट्स काउंटीचा महिला संघ होता. एप्रिल 2017मध्ये, हंगाम सुरू व्हायला दोन दिवस असताना, क्लबच्या नव्या मालकाने तो संघच बंद केला. मैदानावर कोणी त्यांना हरवले नव्हते. वहीतला एक खर्च कमी झाला, इतकेच.

बलाढ्य क्लबचे नाव पाठीशी नसलेल्यांचे हालही काही कमी झाले नाहीत. डॉनकास्टर बेल्स हा संघ 1969मध्ये पुरुषांच्या सामन्यांत सोडतीची तिकिटे विकणाऱ्या बायकांनी काढला आणि पुढे सहा वेळा एफए कप जिंकला. 2013च्या हंगामातला एकच लीग सामना खेळून झाला होता, तेवढ्यात त्यांना कळवले की पुढच्या वर्षी तुम्ही दुसऱ्या श्रेणीत. वरच्या श्रेणीत जागा मिळालेल्यांत मँचेस्टर सिटी होती.

लंडन सिटीचे मूळ मिलवॉल लायनेसेस या दक्षिण लंडनच्या संघात आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी निघालेल्या या संघाने 1991 आणि 1997मध्ये एफए कप जिंकला होता. 2019मध्ये तो मिलवॉलपासून वेगळा झाला आणि नव्या नावाने उभा राहिला. डिसेंबर 2023मध्ये अमेरिकी उद्योजिका मिशेल कांग यांनी तो विकत घेतला. वॉशिंग्टन स्पिरिट आणि फ्रान्समधला ल्योंचा महिला संघही त्यांच्याच ताब्यात आहे. केंट परगण्यात सरावाचे स्वतंत्र केंद्र झाले, कोसोवारे अस्लानीसारखी नावाजलेली खेळाडू कर्णधार म्हणून आली. दीड वर्षात क्लब वरच्या श्रेणीत होता.

मग स्वातंत्र्य मिळाले का? अर्धेच. लंडन सिटीचे घरचे सामने होतात ब्रॉमलीच्या हेज लेन मैदानावर आणि हे मैदान ब्रॉमली या पुरुषांच्या क्लबचे आहे. पुरुषांच्या क्लबपासून फारकत घेतलेला संघ पुरुषांच्याच दुसऱ्या एका क्लबचा भाडेकरू आहे. शिवाय सारा भार एकाच तिजोरीवर. अशा भाराचे काय होते, ते अमेरिकेने पाहिले आहे. तिथे 2001मध्ये केबल कंपन्यांच्या पैशांवर महिलांची व्यावसायिक लीग निघाली. तीन हंगामांत पैसा संपला आणि सप्टेंबर 2003मध्ये, विश्वचषकाला जेमतेम पाच दिवस उरले असताना, संपूर्ण लीगला टाळे लागले.

त्याच अमेरिकेने धडाही घेतलेला दिसतो. 2020च्या अखेरीस जाहीर झालेल्या कॅन्सस सिटीच्या महिला क्लबने मिसूरी नदीकाठी साडेअकरा हजार आसनांचे स्टेडियम बांधले. मार्च 2024मध्ये ते खुले झाले. महिलांच्या व्यावसायिक संघासाठी म्हणून बांधलेले हे जगातले पहिले स्टेडियम. तारखा ठरवताना तिथे पुरुषांच्या संघाचे वेळापत्रक आधी बघावे लागत नाही. 1921चा ठराव तिथे कोणी केला, तरी तो बजावायचा कोणाला? नव्या क्लबचे भवितव्य जोखायचे तर खेळाडूंच्या बोलीच्या आकड्यांआधी जमिनीचा सातबारा पाहावा, हा या शतकाचा हिशेब आहे.

आपल्याकडचा एक प्रसंग याच माळेतला आहे. ऑगस्ट 2022मध्ये गोकुळम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला उतरला. त्याच सुमारास फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले. वाद होता महासंघाच्या निवडणुकीचा आणि कारभार कोणी पाहायचा याचा. भारताची लीग जिंकून स्पर्धेत जागा मिळवलेल्या या मुलींचा त्याच्याशी सुतराम संबंध नव्हता. निलंबन 26 ऑगस्टला उठलेही, पण तोवर त्यांची संधी हुकली होती. एकही सामना न खेळता त्यांना परतावे लागले.

महाराष्ट्राने या खेळाला मैदाने दिली आहेत. फेब्रुवारी 2022मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचा अंतिम सामना आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, दोन्ही नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. पाहुण्यांची सरबराई चोख झाली. घरच्यांचे काय? भारतीय महिला लीग 2023-24मध्ये घरच्या-बाहेरच्या मैदानांवर खेळली जाऊ लागली. त्या हंगामातल्या सात क्लबांत आणि पुढच्या हंगामातल्या आठ क्लबांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. ओडिशाचे होते, केरळ, तमिळनाडू, कर्नाटक आणि बंगालचे होते.

उद्या पुण्यात, मुंबईत किंवा कोल्हापुरात कोणी महिलांचा व्यावसायिक क्लब काढायला निघाले, तर त्यांनी जर्सीचा रंग आणि पहिली परदेशी खेळाडू सावकाश ठरवावी. आधी महापालिकेशी वा संस्थेशी मैदानाचा किमान दहा वर्षांचा करार करावा, सामन्यांच्या आणि सरावाच्या वेळा त्यात लिहून घ्याव्यात आणि पैसा एकाहून अधिक खिशांतून उभा करावा. राज्य सरकारने आणि पालिकांनीही क्रीडासंकुलांच्या वेळापत्रकात महिला क्लबचा हक्क नियमाने बांधून द्यावा, मेहेरबानी म्हणून नव्हे. प्रेक्षक येतील. ते 1920मध्येही आले होते.