लोकांचे दात घासणारी मुलगी

गतवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमानंतर ॲन आर्बर येथील एका धम्मबांधवाच्या घरी आम्ही भोजनास बसलो असता, त्या घरच्या कन्येने आपण डेंटल हायजिनिस्ट होणार असल्याचे सांगितले. क्षणभर कोणीच बोलेना. मग कोणीतरी म्हणाले, "एवढे शिकून लोकांचे दात घासणार?" हशा पिकला. आम्हीही हसलो. ते हसणे पुढे कित्येक दिवस आमच्या मनास टोचत राहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा व्यवसाय नेमका काय आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक आहे. कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथील दंतवैद्य डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ च्या सुमारास आपल्या साहाय्यक आयरीन न्यूमन यांना दंतस्वच्छतेचे रीतसर शिक्षण दिले आणि १९१३ साली या विद्येची पहिली शाळा काढली. तेथून बाहेर पडलेल्या स्त्रिया शहरातील शाळांत जाऊन मुलांचे दात स्वच्छ करू लागल्या. किडलेला दात उपटण्यापेक्षा तो किडूच देऊ नये, हा त्यामागील विचार. ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात दंतवैद्यक विद्यालय १८७५ पासून आहे. तेथे हे शिक्षण १९२१ सालीच सुरू झाले. म्हणजे आपल्या घराजवळ शंभर वर्षे चालत आलेली विद्या आपल्या हसण्याचा विषय झाली!

हायजिनिस्ट केवळ दात घासत नाही. खुणा केलेल्या बारीक सळईने ती प्रत्येक दात आणि हिरडी यांमधील फटीची खोली मिलिमीटरमध्ये मोजते. तीनपर्यंतचा आकडा ठीक. चार, पाच असे आकडे कानी पडू लागले की हिरडी दाताची साथ सोडू लागली असे समजावे. जिभेखाली, गालांच्या आत एखादा पांढरा चट्टा दिसतो का, हेही ती पाहते. मधुमेह आणि हिरड्यांचा विकार हे एकमेकांस बळ देतात, आणि मधुमेह आपल्या किती घरांत आहे हे सांगावयास नको.

आपल्या आया-आज्यांनी तव्यावर तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीने आयुष्यभर दात घासले. आजही मायदेशाहून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या सामानात ती डबी निघते. गावाकडे दंतवैद्याची पायरी चढावयाची ती दात उपटण्यासाठीच. आणि कीटण काढले की दात हलू लागतात, हा समज तर शिकलेल्यांतही आहे. वस्तुतः सैल झालेला दात कीटणाने लिंपून धरलेला असतो. ते निघाल्यावर त्याची खरी अवस्था उघडी पडते, इतकेच. भारतात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातही हायजिनिस्टची स्वतंत्र व्याख्या होती, परंतु तो व्यवसाय तेथे फारसा रुजला नाही.

आता त्या हशाविषयी. दुसऱ्याची घाण काढणे हलके, ही भावना आपली नव्हे. ज्या व्यवस्थेने आपणांस गावाबाहेर ठेवले तिची ती आहे. कोणी म्हणेल, मेलेली गुरे ओढण्याची कामे सोडा असे बाबासाहेबांनीच सांगितले होते ना? सांगितले होते, आणि योग्यच सांगितले. ते काम जन्माने लादलेले होते. त्यात ना मान होता, ना नकार देण्याची मुभा. ही मुलगी स्वतःहून निवड करते, शरीरशास्त्र व औषधशास्त्र शिकते, परीक्षा देऊन परवाना मिळविते. या दोहोंना एकाच मापाने मोजणे म्हणजे बाबासाहेबांचा लढा न समजणे होय. तिला दंतवैद्य व्हावेसे वाटले तर तिने अवश्य व्हावे. पण नाही वाटले, तर तो पराभव कसा? डॉक्टर आणि इंजिनिअर यांपलीकडे आपली दृष्टीच जात नाही, हा दोष तिचा नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिल्याचे आढळते. दातवण न केल्याचे पाच तोटे तेथे सांगितले आहेत. मुखदुर्गंधी आणि अन्न न रुचणे हे त्यांतलेच. काडी आठ बोटांहून लांब नसावी, चार बोटांहून आखूड नसावी, इतका बारीक विचार! तथागतांस ज्या विषयात हलकेपणा दिसला नाही, तो आम्हांस पंगतीत बसल्या बसल्या दिसला.

येत्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमात भाषणांतून अर्धा तास काढून तो या मुलीस द्यावा आणि तिने दात व हिरड्या कशा राखाव्यात हे आम्हां वडीलधाऱ्यांस मराठीतून समजावून सांगावे, अशी विनंती आम्ही केली आहे. त्या दिवशी जे हसले त्यांनी पहिल्या रांगेत बसावे. आम्हीही तेथेच असू.