पेटी चार्जिंग घेत नाही, तेव्हा



एके काळी दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच राखेने पुसायची, वात कातरायची, रॉकेल घालायचे, हे सारे घरातल्या बाईकडे असे. आता कंदील माळ्यावर गेला. त्याच्या जागी इन्व्हर्टर आला आणि अलीकडे त्याहून सुटसुटीत, हाताने उचलून नेता येणारी बॅटरीची पेटी आली. दुकानदार तिला ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ म्हणतात. आपण सरळ ‘पेटी’च म्हणू या. तिच्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, मोबाईल चार्ज होतो, दम्याच्या माणसाचे वाफेचे यंत्रही चालते. डीपी जळाली आणि दोन-चार दिवस लाईटच नाही, असा प्रसंग आपल्या बीड जिल्ह्यात कुणाला नवा नाही. त्यामुळे ही पेटी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही.

पण कंदिलाची काच निःशंकपणे पुसणाऱ्या आपण, या पेटीने चार्जिंग घेतले नाही की लगेच हात आखडता घेतो. ‘हे आपलं काम नव्हे, मिस्त्रीला दाखवू’ म्हणतो. मिस्त्री पेटी उघडतो आणि पैसे जातात. म्हणून आजचा लेख. स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता तुम्ही स्वतः काय काय पाहू शकता, ते क्रमाने सांगते.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्या परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाण्याच्या टंचाईमुळे बंद ठेवावे लागले होते. यंत्रे जागच्या जागी होती, पण धरणातून पाणीच येईना. मोठ्या वीज केंद्राची जी गत, तीच आपल्या या छोट्या केंद्राची. पेटी चार्जिंग घेत नाही म्हणजे पेटी बिघडलीच, असे नव्हे. आधी तिच्यापर्यंत काय पोचते आहे ते पाहावे. भिंतीपासून पेटीपर्यंत विजेच्या वाटेवर एकेक पाऊल टाकत जावे आणि पेटीला दोष सगळ्यात शेवटी द्यावा.

सुरुवात भिंतीवरच्या प्लगपासून करू. पेटीच्या पडद्यावर ‘इनपुट’ असा आकडा असतो. तो म्हणजे या क्षणी आत येणारी वीज, वॅटमध्ये. तिथे शून्य असेल, तर वायर काढून दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून पाहा. मेन बोर्डावरचा खटका पडलेला नाही ना, तेही बघा. आता तुम्ही म्हणाल, ‘त्या प्लगवर मोबाईल तर चार्ज होतो की!’ इथेच बहुतेक जणी फसतात. मोबाईलला दहा-वीस वॅट पुरतात. ही पेटी चांगले दोनशे-चारशे वॅट ओढते. सैल प्लग मोबाईलला पुरतो, पेटीला पुरत नाही. खात्री करायची असेल तर भिंतीवरच्या त्याच प्लगला इस्त्री लावून पाहा. इस्त्री नीट तापली तर प्लग ठीक. दिवा मिणमिणला, चरचर आवाज आला किंवा प्लग गरम झाला, तर दोष प्लगचा. मग वायरमनकडून तो बदलून घ्या.

माझ्या शाळेतल्या एका मुलीच्या घरी नेमके हेच झाले होते. आई-वडील कोयता घेऊन कोल्हापूरकडे गेलेले, घरी ती आणि आजी. जाताना वडिलांनी उचलीच्या पैशातून पेटी घेऊन दिलेली, पोरीचा दहावीचा अभ्यास अंधारात बुडू नये म्हणून. परीक्षा तोंडावर आली आणि पेटी चार्जिंग घेईना. आकडा दिसायचा, मिनिटभरात शून्य. मिस्त्री म्हणाला, ‘बॅटरी गेली, उघडावी लागेल, अडीच हजार होतील.’ आजीने गाठीचे पैसे काढून ठेवलेच होते. मुलगी मला म्हणाली, ‘बाई, दोन दिवस थांबू का?’ मी म्हटले, थांब, आधी प्लग बघू. पेटी एका जुन्या एक्स्टेंशन बोर्डाला लावलेली होती. त्याची भोके सैल झालेली आणि पेटीच्या वायरीची एक पिन काळी पडलेली. पिन कोरड्या फडक्याने पुसून वायर सरळ भिंतीतल्या चांगल्या प्लगला लावली, तसा आकडा आला आणि टिकला. तो बोर्ड फेकून दिला आणि अडीच हजार वाचले. शिवाय पेटी उघडली असती तर वॉरंटीही गेली असती, ती वेगळीच.

यावरून दुसरी गोष्ट ओघानेच आली. पेटी नेहमी भिंतीतल्या प्लगलाच लावावी. बारीक वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड आणि त्यावर मिक्सर, टीव्ही, पेटी असा गोतावळा नको. वायर हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत नजर फिरवा, अर्थात प्लग काढून ठेवून! उंदराने कुरतडली आहे का, मुंग्यांनी पिनेत घर केले आहे का, अडॅप्टर वेगळा असेल तर त्याचा दिवा लागतो का, हे पाहा. काही पेट्यांना वायर जोडतो तिथेच शेजारी छोटे गोल बटण असते. एकदम जास्त वीज आली की ते बाहेर उडी मारते. तसे झाले असेल तर वायर काढून बटण आत दाबा आणि पुन्हा लावा.

तिसरी गोष्ट व्होल्टेजची. घरात २३० व्होल्टच्या आसपास वीज यायला हवी. रब्बीत सगळीकडे मोटारी सुरू झाल्या की लाईनच्या टोकाकडच्या वस्त्यांवर पंखा रेंगाळतो, मिक्सर नुसता गुरगुरतो. अशा वेळी पेटी स्वतःच्या रक्षणासाठी वीज घेणे थांबवू शकते. तो बिघाड नव्हे, शहाणपण आहे. दिवे पूर्ण उजळ असतील त्या वेळी चार्जिंगला लावा. पेटीत सावकाश चार्जिंगची सोय असेल तर ती निवडा, म्हणजे ती वीज बेताने ओढते. घरचे व्होल्टेज रोजच कमी राहात असेल, तर १९१२ या क्रमांकावर महावितरणकडे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

आता सूर्याच्या पॅनेलवर पेटी भरणाऱ्यांसाठी. पाटीवर १०० वॅट लिहिले आहे म्हणून १०० वॅट येतील, अशी आशा धरू नये. चांगल्या उन्हात साठ ते ऐंशी आले तरी पुष्कळ झाले. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे. आपला जिल्हा साधारण १९ अक्षांशावर आहे, म्हणून कलही साधारण तेवढ्याच अंशांचा पुरतो. हिवाळ्यात थोडा जास्त द्यावा. आपल्याकडची धूळ तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी पॅनेल गार असताना ओल्या मऊ फडक्याने पुसा. सावलीचे तर फारच जपा. पॅनेलमधले तुकडे साखळीसारखे जोडलेले असतात. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी बरीचशी वीज घटते. खिडकीच्या काचेमागे पॅनेल ठेवून भागत नाही. दुसरे पॅनेल आणले असेल, तर पेटीवर लिहिलेली व्होल्टची मर्यादा आणि पॅनेलच्या पाठीवरचा व्होल्टचा आकडा आधी जुळवून पाहा. मर्यादेबाहेरचे पॅनेल जोडले तर पेटी कायमची जाऊ शकते.

कित्येकदा पेटी चार्जिंग घेत असते, पण आपल्याला दिसत नाही. साधा हिशेब पाहा. पॅनेलमधून येतात ७० वॅट आणि त्याच वेळी पेटीवर ७५ वॅटचा पंखा सुरू आहे. मग आकडा वाढेल कसा? दूध तापवता तापवता वाटीने काढत राहिलो, तर साय धरायची कधी? पेटीवरची सगळी उपकरणे बंद करा, पंधरा मिनिटे थांबा आणि मग आकडा बघा. शंभर टक्के भरलेली पेटीही शून्य दाखवते. काही पेट्या तर ठरवून दिलेल्या ऐंशी टक्क्यांवर थांबतात. तेव्हा पुस्तिका वाचावी!

उन्हाळ्यात आणखी एक कारण असते. या पेट्यांत लिथियमची बॅटरी असते आणि साधारण ४० ते ४५ अंशांपुढे ती चार्जिंग घेणे बंद करते. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी काय तापमान असते, ते मी का सांगावे? पॅनेल उन्हात आणि पेटी सावलीत, हा नियमच करा. तापलेली पेटी गार फरशीवर, हवेशीर जागी तास-दोन तास ठेवा आणि मग चार्जिंगला लावा. तिच्यावर ओले फडके टाकू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, तिच्या जाळीवर कपड्यांचा ढीग रचू नका. आणखी एक सांगते. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीत आपण डिस्टिल्ड वॉटर घालतो, तसे या पेटीत काहीही घालायचे नसते.

हंगामाला जाणारी कुटुंबे पेटी घरी ठेवून सहा महिन्यांसाठी जातात. पेटी रिकामी ठेवून गेलात, तर परत आल्यावर ती मेल्यासारखी पडलेली असते. बॅटरी फार खाली गेली की आतली रक्षण-व्यवस्था तिला झोपवते. अशी पेटी चांगल्या प्लगला लावून काही तास थांबून बघा, कधी कधी जागी होते. नाहीच झाली तर सेवा केंद्र गाठावे. त्यापेक्षा जाताना अर्धी-अधिक भरून, बंद करून, गार जागी ठेवा आणि तीन महिन्यांनी कुणाकडून तरी चार्ज करून घ्या.

आता शेवटचे, पण सगळ्यात महत्त्वाचे. पेटी फुगली आहे, औषधासारखा उग्र वास येतो, नुसती ठेवलेली असताना गरम लागते, पुराचे किंवा गळतीचे पाणी आत गेले आहे, यांतले एक जरी दिसले तरी चार्जिंगला लावून ‘बघू तरी’ म्हणू नका. हात लावण्याजोगी असेल तर घराबाहेर मोकळ्या जागेत ठेवा. धूर निघत असेल तर तिला स्पर्श न करता, जमल्यास मेन स्विच बंद करून, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ वर फोन करा. बंद पेटीच्या आतही वीज साठलेली असते. कुणी कितीही हुशार मिस्त्री असला तरी ती दारात उघडू देऊ नका. निकामी पेटी भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुकानदाराला तसे सांगा.

वॉरंटीत असूनही दुकानदार टोलवाटोलवी करू लागला, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. मात्र त्यासाठी पक्की पावती हवी. ‘बिल कशाला ताई, थोडं कमी करून देतो,’ या गोड बोलण्याला भुलू नका. आजच ती पावती शोधा, मागच्या बाजूला पेटीचा क्रमांक आणि घेतल्याची तारीख लिहा आणि रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा. पुढच्या वेळी पेटी रुसली की आधी प्लग, मग वायर, मग व्होल्टेज, मग ऊन, मग उष्णता, एवढ्या क्रमाने पाहा. एवढे करून नाहीच जमले, तर पेटी पावतीसकट सेवा केंद्रात न्या, न उघडता.