कतारमध्ये कसली आलीय थंडी?

तर झालं असं. गेल्या जानेवारीतला एक शुक्रवार, पहाटेचे सहा. दोह्याच्या उत्तरेला एका मोकळ्या माळावर मी थर्मासमधला चहा ओतत उभी होते आणि माझा मित्र त्याचं दोन आसनी छोटं विमान बाहेर काढत होता. मोबाइलवर तापमान ११ अंश. त्याने इंजिन सुरू केलं, दोनेक मिनिटं भुरभुरू दिलं आणि निघाला. दुसऱ्या फेरीत मी बसणार होते. विमान जमिनीपासून तीनेकशे फूट वर गेलं असेल नसेल, तेवढ्यात इंजिनाचा आवाज एकदम जड झाला आणि बंद पडला. त्याने नाक खाली केलं, वळायचा मोह टाळला आणि समोरच्या सपाट वाळूवर विमान उतरवलं. पुढचं चाक वाकलं. तो चालत परत आला तेव्हा मी सांडलेला चहा तसाच पायाशी होता.

संध्याकाळी इंजिन उघडलं. पिस्टनच्या अंगावर चार ठिकाणी, जणू चार कोपऱ्यांवर, उभे ओरखडे होते. धातू आणि त्यांच्यावरचे लेप हा माझ्या रोजच्या कामाचा विषय, त्यामुळे ही खूण माझ्या ओळखीची. पेट्रोल कमी पडून पिस्टन जळतो तेव्हा खुणा बहुधा धूर बाहेर पडतो त्या बाजूला असतात. चार कोपऱ्यांवर खुणा म्हणजे पिस्टन तापून फुगला, पण भोवतीचा सिलिंडर अजून गारच होता. मेकॅनिक मंडळी याला 'कोल्ड सीझर' म्हणतात.

मी तसं सांगितल्यावर मित्र उसळलाच. "अगं, कतारमध्ये कसली आलीय थंडी? युरोपात लोक उणे दहात उडतात!"

हा लेख त्या एका वाक्याचं उत्तर आहे. त्याला तेव्हा नीट देता आलं नव्हतं.

टू-स्ट्रोक इंजिन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. घरी जुनी बजाज चेतक किंवा लुना असेल तर त्यावर बसून शाळेतही गेला असाल. डिसेंबरच्या सकाळी बाबा स्कूटर एका अंगाला कलती करायचे, चोक ओढायचे, मग दहा किका मारायचे आणि आई आतून विचारायची, "झाली का सुरू?" पंपावर पेट्रोलबरोबर मापात तेल घातलं जायचं, तेही आठवत असेल. या इंजिनात तेलाची वेगळी टाकी तळाशी नसते. पेट्रोलात मिसळलेलं (किंवा छोट्या पंपाने आत सोडलेलं) तेलच जाता जाता पिस्टनला वंगण देतं आणि जळून जातं. झडपा नाहीत, सुटे भाग कमी, वजन कमी, आणि प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. इतक्या कमी वजनात इतकी ताकद मिळते म्हणून हलक्या विमानांनी हे इंजिन उचललं.

यातली सर्वांत प्रसिद्ध इंजिनं ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स कंपनीची, ४४७, ५०३, ५८२ वगैरे. गंमत म्हणजे या घराण्याची मुळं बर्फावर चालणाऱ्या स्की-डू गाड्यांत आहेत. म्हणजे जन्म बर्फातला आणि नोकरी वाळवंटात. आपलं काहीसं उलट झालंय म्हणा. टोरांटो किंवा मिनेसोटातून हे वाचत असाल तर तुम्हाला कळेल.

आता फुगण्याचा हिशेब करू. मित्राच्या इंजिनात पिस्टनचा व्यास ७६ मिलिमीटर. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, सिलिंडरच्या आतला लायनर बिडाचा. तेवढ्याच उष्णतावाढीला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. पिस्टनचा खालचा भाग शंभर अंशांनी तापला तर तो ०.१५ मिलिमीटर रुंद होतो. लायनर पन्नास अंशांनी तापला तर जेमतेम ०.०४. मधली फट मुळात केसाच्या जाडीशी तुलना करावी एवढीच. पिस्टनवर थेट स्फोट होतात, म्हणून तो काही सेकंदांत तापतो. लायनरच्या मागे मात्र लिटरभर गार पाणी आणि भलंमोठं रेडिएटर उभं असतं, त्याला वेळ लागतो. या दोघांच्या शर्यतीत पिस्टन फार पुढे गेला की फट संपते. सावकाश तापवलं तर दोघं बरोबरीने पसरतात आणि काही बिघडत नाही.

म्हणजे प्रश्न हवा ११ अंश आहे की उणे ११, एवढाच नाही. पूर्ण ताकद मागताना लायनर किती तापला होता, हा खरा प्रश्न. आणि याचं उत्तर घड्याळ देत नाही, पाण्याचा तापमापक देतो. मित्राच्या इंजिनासाठी उड्डाणाआधी पाणी किमान ६५ अंश हवं. जुलैत ४० अंशांच्या हवेत ते दोन-तीन मिनिटांत होतं. म्हणून त्याच्या हाताला 'दोन मिनिटं' ही सवय लागली. जानेवारीत त्याच दोन मिनिटांत काटा निम्म्यापर्यंतही पोचला नव्हता. काटा समोरच होता. कुणी पाहिला नाही, मीही नाही.

युरोपातला माणूस उणे दहात उडतो हे खरं. पण त्याला माहीत असतं की थंडी आहे. तो आधी इंजिन ऊब देऊन ठेवतो, रेडिएटरच्या काही भागावर पट्टी चिकटवतो, काटा वर येईपर्यंत हात चोळत उभा राहतो. इथे आपण आठ महिने फक्त उकाड्याशी भांडतो. त्यासाठी रेडिएटर मोठं बसवतो, त्यावर वारा अडू नये म्हणून सगळं मोकळं ठेवतो, आणि कार्ब्युरेटर उन्हाळ्याच्या हवेवर जुळवतो. मग नोव्हेंबर येतो, हवा छान होते, उडायचा हंगाम सुरू होतो, आणि उन्हाळ्यासाठी सजवलेलं इंजिन आपण हिवाळ्यात घेऊन जातो. माझं मत विचाराल तर कतारमधल्या थंडीचा धोका तापमानात नाहीच. इंजिन ज्या हवेसाठी जुळवलं आणि ज्या हवेत चालवलं, त्या दोहोंतल्या अंतरात तो आहे. आणि ते अंतर इथे कुठल्याही युरोपीय गावाइतकं मोठं असू शकतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सौदी सीमेजवळच्या अबू समरा इथे १.५ अंशाची नोंद झाली होती. उन्हाळ्यात दुपारी ४५ अंश ही इथे बातमीसुद्धा नसते.

कार्ब्युरेटरचंच घ्या. ४५ अंशांच्या हवेपेक्षा ११ अंशांची हवा सुमारे १२ टक्के दाट असते. इंजिन दर फेऱ्याला तेवढंच आकारमान ओढतं, म्हणजे १२ टक्के जास्त हवा आत गेली. पेट्रोलही वाढतं, पण तितकं नाही. साध्या कार्ब्युरेटरमध्ये ते हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे जवळपास ६ टक्के. गार पेट्रोल स्वतः जरा दाट असल्याने थोडी भरपाई होते, तरी उन्हाळ्यात बरोबर असलेलं मिश्रण हिवाळ्यात चार-पाच टक्क्यांनी पातळ झालेलं असतं. चारचाकीत हा फरक संगणक भरून काढतो, तुम्हाला कळतही नाही. इथे संगणक नाही, पितळेचा एक छोटा जेट आहे आणि त्याला कॅलेंडर वाचता येत नाही. पातळ मिश्रण गरम जळतं, धुराचं तापमान ६५० अंशांच्या मर्यादेकडे सरकतं. शिवाय पेट्रोलात तेल मिसळलेलं असेल तर पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, हे विसरू नका. आणि पातळ मिश्रणावर इंजिन थोडा वेळ फार छान, चपळ चालतं. माणूस म्हणतो, "वा, थंडीत इंजिन काय ओढतंय!" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

उपाय काही रियालांचा आहे. थंडीसाठी एक नंबर मोठा जेट आणि सुईची खाच पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे. नोव्हेंबरात बदलायचा, मार्चमध्ये परत. रेडिएटरवर हिवाळ्यात थोडं झाकण, तेही काट्याकडे बघत कमी-जास्त करत. तारीख वहीत लिहायची. घरच्या एसीच्या जाळ्या आपण वेळच्या वेळी धुतो, मग हे का जमू नये?

आता तिसरी गोष्ट, आणि कतारसाठी मला हीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते: कार्ब्युरेटरमधला बर्फ. पेट्रोलचं बाष्प होताना ते भोवतालची उष्णता घेतं. एक किलो पेट्रोलला अंदाजे ३५० किलोज्यूल लागतात आणि त्याच्यासोबत चौदा-पंधरा किलो हवा असते. सगळं पेट्रोल तिथेच उडालं तर हवा वीसेक अंशांनी गार होते. अरुंद नळीतून वेगाने जाताना ती आणखी थोडी निवते. म्हणजे बाहेर १५ अंश असताना आत शून्याखाली जाणं सहज शक्य आहे. आता त्या हवेत पाणीही असेल तर ते आतल्या भिंतीवर गोठत जातं, वाट अरुंद होते आणि इंजिन गुदमरतं. उतरल्यावर पाच मिनिटांत बर्फ वितळतो, पुरावा नाहीसा. तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

इथे 'जास्त थंडी म्हणजे जास्त धोका' हे समीकरणच मोडतं. उणे वीस अंशांच्या हवेत गोठायला पाणीच फारसं नसतं. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने वैमानिकांसाठी काढलेल्या आलेखात गंभीर धोक्याचा पट्टा शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरून दहा-पंधरा अंशांपर्यंत येतो, आणि इंजिन कमी ताकदीवर असेल तर पंचविशीच्याही पुढे जातो. दोह्यातली जानेवारीची सकाळ डोळ्यांसमोर आणा. तीन बाजूंना समुद्र, रात्रभर निरभ्र आकाशाखाली निवलेली जमीन, आणि पहाटे असं धुकं की समोरचा मनोरा दिसत नाही. तापमान १३-१४ अंश. त्या पट्ट्याच्या बरोबर मध्यात आपण स्वेटर घालून उभे असतो आणि म्हणतो, काय मस्त हवा आहे. रोटॅक्सवर असणारे सरकत्या झडपेचे कार्ब्युरेटर फुलपाखरी झडपेच्या कार्ब्युरेटरपेक्षा या बाबतीत बरे मानले जातात. बरे म्हणजे अभय मिळालेले नव्हेत. धुकं विरेपर्यंत तासभर थांबणं हा माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय. तसंही धुक्यात दिसत नाहीच.

उतरतानाचं एक सांगायचं राहिलं. लांबवरून इंजिन पूर्ण मंद करून घसरत येणं टू-स्ट्रोकला मानवत नाही. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद आणि त्याबरोबर वंगणही नावापुरतं. वारा मात्र रेडिएटर निववत असतो. शेवटी धावपट्टी जरा लांब वाटली म्हणून एकदम ताकद मागितली, की पिस्टन तापतो आणि त्याच वेळी रेडिएटरमधलं गार पाणी सिलिंडरवर येऊन आदळतं. लायनर आकसतो, पिस्टन फुगतो. ५८२ च्या पुढच्या, निळ्या डोक्याच्या आवृत्तीत पाण्याची वाट बदलून कंपनीने यावर इलाज केला, पण जुनी इंजिनं अजून उडतात. उतरताना थोडी ताकद ठेवणं आणि ती हळूहळू वाढवणं, एवढं तरी हातात आहे.

माझे एक ज्येष्ठ परिचित म्हणतात, "हे सगळं कशाला? फोर-स्ट्रोक घ्या आणि मोकळे व्हा." त्यांचं चूक नाही. टू-स्ट्रोकच्या पुस्तिकेत कंपनीच बजावते की हे इंजिन रचनेनेच अचानक बंद पडू शकतं, तेव्हा उतरायला जागा नाही अशा ठिकाणावरून उडू नका. पण फोर-स्ट्रोकची किंमत आणि वजन पाहिलं की हौशी माणूस परत जुन्याकडे वळतो, आणि वळणारच असेल तर त्याला नीट माहिती असलेली बरी. माझा राग इंजिनावर नाही. 'इथे ते लागू नाही' असं म्हणून पुस्तिकेतलं थंडीचं पान उलटून टाकण्यावर आहे. आमच्या प्रयोगशाळेत तापमान न नोंदवलेला प्रयोग कुणी केलाच नाही असं धरतात. स्वतःचा जीव टांगलेल्या प्रयोगाला मात्र आपण 'दोन मिनिटं झाली की' एवढ्यावर सोडतो, आणि यात मित्राइतकीच मीही आले. पीएच.डी. हातात, चहाचा कप दुसऱ्या हातात, आणि काटा बघायचं सुचलं नाही.

नवा पिस्टन बसला. चाक सरळ झालं. या डिसेंबरात मी पुन्हा त्या माळावर गेले. इंजिन बराच वेळ चालू होतं, धूर निळसर, रेडिएटरच्या तिसऱ्या हिश्श्यावर रुपेरी पट्टी. मागून एकाने हाक मारली, "अरे निघ की, ऊन येईल!" मित्राने मान वर न करता काचेवर बोट टेकवलं आणि ओरडून सांगितलं, "अठ्ठावन्न!"

मी कप खाली ठेवला आणि हेल्मेट शोधायला लागले.